अंगावर कमी, ताटात अधिक

ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही त्या पाण्यात साबणालाही फेस येत नाही, हे दौंड तालुक्यातील कोणत्याही गृहिणीला वेगळे सांगावे लागत नाही. पुणे–सोलापूर महामार्गावरील कुरकुंभ आणि आसपासची गावे पर्जन्यछायेत येतात. काळ्या कातळातून झिरपणाऱ्या येथील विहिरींच्या व विंधनविहिरींच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात, म्हणून लोक त्याला ‘जड पाणी’ म्हणतात. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिन या द्रव्याशी कॅल्शियमचा संयोग झाला की डाळ बोटचेपी होत नाही. आणि तेच कॅल्शियम साबणातील मेदाम्लांना भेटले की न विरघळणारा चिकट साका तयार होतो, जो बादलीच्या कडेला दिसतो, पण बाळाच्या मानेच्या, काखेच्या आणि जांघेच्या वळ्यांत साचलेला सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांचा असा जवळचा संबंध असूनही बालसंगोपनाच्या चर्चेत ही दोन ठिकाणे वेगळी ठेवली जातात. अलीकडे ‘नैसर्गिक संगोपन’ या नावाने जे काही सांगितले व विकले जाते, त्याचा बहुतेक भर बाळाच्या अंगाला काय लावावे यावर असतो. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुण जोडप्यांच्या घरी सल्ला द्यायला आजी नसते, त्यामुळे तिची जागा मोबाइलवरील चित्रफितींनी घेतली आहे, आणि या चित्रफिती रोज एक नवे उटणे सुचवतात. बाळाच्या त्वचेविषयी आणि पोषणाविषयी आज जे ठामपणे माहीत आहे, त्यातील बराचसा भाग मात्र नेमका उलट दिशेला बोट दाखवतो: बाळाच्या अंगावर जितके कमी आणि बाळाच्या व त्याच्या आईच्या ताटात जितके अधिक, तितके ते संगोपन निसर्गाच्या जवळचे.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि या पेशींच्या मधल्या जागा मेदयुक्त द्रव्याने भरलेल्या असतात. दगडी भिंतीतील दगड आणि चुना यांच्यासारखीच ही रचना असून तिच्यामुळे अंगातील ओलावा आत आणि बाहेरचे जंतू व धूळ बाहेर राहतात. तान्ह्या बाळाची ही भिंत प्रौढांच्या मानाने पातळ असते. जन्मतः बाळाच्या अंगावर जो पांढरा, लोण्यासारखा लेप असतो, ज्याला वैद्यकात व्हर्निक्स म्हणतात, तो मळ नसून याच भिंतीचे कवच असतो. तो खसखसून पुसून काढण्याची घाई करू नये, आणि पहिली अंघोळ जन्मानंतर किमान चोवीस तासांनी घालावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर नेहमीची साबणाची वडी चांगलीच अल्कधर्मी असते, म्हणून वारंवार साबण लावल्याने पेशींमधला तो ‘चुना’ धुऊन जातो. काही बाळांच्या बाबतीत भिंत उपजतच कच्ची असते. त्वचेला घट्टपणा देणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा, घरोघरी ‘इसब’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अ‍ॅटोपिक डर्मटायटिसशी असलेला संबंध २००६ मध्ये डंडी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. गालांवर, कोपराच्या व गुडघ्याच्या खोबणीत लाल, कोरडे, खाजरे चट्टे येणाऱ्या बाळाच्या आईला ‘तू काहीतरी खाल्लंस’ म्हणून बोल लावला जातो, त्यात किती अन्याय आहे हे एवढ्यावरून कळावे.

जड पाण्याचा आणि इसबाचा संबंध ब्रिटनमध्ये तपासला गेला असून, जड पाण्याच्या भागात राहणाऱ्या तान्ह्या बाळांमध्ये इसब अधिक आढळते, असे तेथील अभ्यासात दिसले आहे. मात्र ज्यांना इसब आधीच झालेले आहे अशा ३३६ मुलांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात घरात पाणी मृदू करण्याचे यंत्र बसवूनही इसबात अधिकचा उतार पडला नाही. तेव्हा महागडे यंत्र घेण्यापेक्षा अंघोळ थोडक्यात आटोपणे, पाणी कोमटच ठेवणे, साबण फक्त मळणाऱ्या जागी आणि तोही सौम्य वापरणे, अंग न चोळता टिपून घेणे आणि त्वचा ओलसर असतानाच साधे, बिनवासाचे मलम लावणे, हेच कुरकुंभसारख्या गावात अधिक पदरात पडणारे आहे. पाणी उकळले की जडपणाचा काही भाग पांढऱ्या पुटाच्या रूपाने पातेल्याच्या तळाशी बसतो. मात्र औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे विहिरी बिघडल्याच्या तक्रारी या भागात वर्षानुवर्षे होत आल्या आहेत, आणि तशा पाण्यातील रसायने उकळून जात नाहीत. ज्या विहिरीच्या पाण्याला रंग किंवा वास आहे तिच्यातील पाणी बाळाच्या अंघोळीला वापरण्यापूर्वी प्रयोगशाळेतून तपासून घेतले पाहिजे, आणि तपासणीचा आग्रह ग्रामपंचायतीकडे धरणे हादेखील संगोपनाचाच भाग मानला पाहिजे.

तेल लावण्याच्या प्रथेकडे अधिक बारकाईने पाहायला हवे, कारण तिच्यात मोठा गुण आहे. पायांवर बाळाला पालथे घालून हलक्या हाताने चोळणाऱ्या बाईच्या स्पर्शाने बाळ शांत होते आणि निरोगी बाळासाठी असे मर्दन उपयुक्त ठरू शकते, हे आधुनिक वैद्यकालाही मान्य आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात नवजात बाळांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही बाळांना करडईचे, काहींना खोबरेल तेल लावले गेले, तेव्हा त्या त्या तेलातील मेदाम्ले बाळांच्या रक्तात वाढलेली आढळली. या निष्कर्षाचा एक अर्थ आनंदाचा आहे, कारण अंगाला लावलेले चांगले तेल अंगी लागते. आणि दुसरा अर्थ सावध करणारा आहे, कारण जे लावले जाईल ते आत जाऊ शकते. त्यामुळेच मोहरीचे तेल त्वचेची भिंत दुबळी करते असे प्रयोगांत दिसल्यावर ते टाळणे, कोरड्या त्वचेसाठी खोबरेल पसंत करणे, आणि डोळ्यांत शिसेयुक्त काजळ वा सुरमा न घालणे या गोष्टी आपोआप ओघाने येतात. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, वावडिंग आणि धूप घालून दिली जाणारी धुरी हीदेखील बाळाच्या श्वासात धूरच भरते, आणि कितीही जुनी असली तरी ती बंद व्हावी.

याहून महत्त्वाचा प्रश्न डाळीच्या पिठाचा, सायीचा आणि शेंगदाणा तेलाचा आहे. लव जावी, रंग उजळावा म्हणून बेसनाचा किंवा मसुरीच्या पिठाचा गोळा बाळाच्या अंगावर फिरवण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वदूर आहे, आणि खाण्याचे पदार्थ आहेत म्हणजे निर्धोक असणार, असे मानले जाते. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ गिडियन लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की, ज्या बाळांच्या सुजलेल्या, पुरळ उठलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल असलेली मलमे लावली गेली होती त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी अधिक आढळली. अ‍ॅलर्जी म्हणजे निरुपद्रवी पदार्थाला शरीराने शत्रू समजून केलेला प्रतिकार. अन्नाची शरीराशी पहिली ओळख फाटलेल्या त्वचेतून झाली तर शरीर त्याला शत्रू समजते आणि तीच ओळख पोटातून झाली तर ते त्याला आपले मानते, असा या विचाराचा गाभा आहे. याचीच दुसरी बाजू २०१५ मध्ये पुढे आली: तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या, चार ते अकरा महिन्यांच्या ६४० बाळांपैकी ज्यांना शेंगदाणा नियमित खाऊ घातला गेला त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी ३.२ टक्क्यांमध्ये, तर ज्यांना तो कटाक्षाने टाळायला लावला गेला त्यांच्यात १७.२ टक्क्यांमध्ये आढळली.

मराठी स्वयंपाकघराला या निष्कर्षाने मोठा दिलासा मिळायला हवा, कारण दाण्याचे कूट हा तर येथील रोजचाच जिन्नस आहे. सहा महिने निव्वळ आईचे दूध दिल्यानंतर, मऊ वरणभातात किंवा भाजीच्या रशात अगदी बारीक कूट मिसळून देता येते; अख्खा दाणा मात्र घशात अडकतो म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नये, आणि ज्या बाळाला तीव्र इसब आहे त्याला पहिला घास डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावा. तापलेल्या तव्यावर भाजलेल्या बाजरीच्या भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग दुधात किंवा डाळीच्या पाण्यात कुस्करावा, त्यावर साजूक तुपाची धार सोडावी आणि तो बोटांनी गुळगुळीत होईपर्यंत मळावा, ही या भागातील जुनी रीत पौष्टिक आहे, कारण बाजरीत लोह आहे, तुपात उष्मांक आहेत आणि डाळीत प्रथिने आहेत. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये, कारण त्यातील जीवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. गूळ मात्र दौंडच्या गुऱ्हाळांचा, घरचाच आहे, आणि त्यात पारख इतकीच करावी की, भेंडीच्या चिकट पाण्याने मळी काढलेला गूळ काळसर तपकिरी दिसतो, तर पिवळाधमक दिसणारा गूळ पुष्कळदा हायड्रॉस पावडर घालून उजळलेला असतो; बाळाला तशीही गोडाची घाई नसते.

औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेली मलमे हा या विषयातील सर्वांत चिंतेचा भाग आहे. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र केलेली मलमे दोन दिवसांत लाली घालवतात, म्हणून ती पुन्हापुन्हा लावली जातात आणि तान्ह्या बाळाची आधीच पातळ असलेली त्वचा अधिकच पातळ होते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अशा चौदा स्टेरॉइडयुक्त मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी ती सहज मिळतात. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलेल्या सौम्य स्टेरॉइडला घाबरण्याचे कारण नाही. इसब चिघळू देणे हे बाळासाठी अधिक त्रासाचे असते.

येथवरचा विचार बाळ जन्मल्यानंतरचा झाला, पण संगोपनाचा मोठा भाग त्याआधीच घडून गेलेला असतो. हे जगाला दाखवून देण्याचे श्रेय पुणे जिल्ह्यातील खेड्यांना आहे, आणि त्याचा अभिमान या जिल्ह्याने फारसा मिरवलेला नाही. वढू बुद्रुक या शिरूर तालुक्यातील गावात डॉ. बानू कोयाजी यांनी केईएम रुग्णालयाच्या वतीने ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले, आणि पुढे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींच्या आहाराचा जो अभ्यास सुरू झाला तो ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ म्हणून ओळखला जातो. या गावांतील बाळे सरासरी सुमारे २.७ किलो वजनाची होती आणि इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत हाडापेराने बारीक असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त होते. आईने एकूण किती उष्मांक आणि किती प्रथिने घेतली याच्याशी बाळाच्या जन्मवेळच्या आकारमानाचा फारसा संबंध दिसला नाही. तो दिसला अठराव्या आठवड्यातील दुधाशी, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातील पालेभाज्यांशी व फळांशी. मेथी, चाकवत, तांदुळजा, शेवग्याचा पाला आणि हरभऱ्याची कोवळी भाजी, जी बांधावर फुकट उगवते किंवा बाजारात जुडीने मिळते, आणि जी ‘वातूळ’ म्हणून पोटुशी बाईच्या ताटातून अनेकदा काढून घेतली जाते, तिचे हे मोल आहे.

याच अभ्यासातील निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये जीवनसत्त्व बी-१२ कमी आढळले. हे जीवनसत्त्व वनस्पतींत जवळजवळ नसते. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. ज्या तालुक्यांतून रोज मोठ्या प्रमाणावर दूध डेअरीला जाते, त्याच तालुक्यांतील अनेक घरांत सुनेच्या वाट्याला चहापुरते दूध उरते, ती सर्वांत शेवटी जेवायला बसते, आणि अंडे आणले तर ते मुलाला, हे चित्र बदलल्याशिवाय बाळासाठी घेतलेले कोणतेही सेंद्रिय तेल आणि कोणताही वनौषधी साबण फारसे काही साधणार नाही. अंगणवाडीतून मिळणारा शिधाही घरातल्या सगळ्यांत वाटून संपतो आणि ज्या गर्भवतीसाठी तो असतो तिच्या पोटात त्याचा थोडाच भाग जातो. सासूने आणि नवऱ्याने तो तिच्यासाठी वेगळा ठेवणे, ही या भागात आज करता येण्याजोगी सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

त्या सहा गावांतील बाळे मोठी झाल्यावर, २०१२ पासून, त्यांच्यापैकी वयात आलेल्या मुलामुलींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा प्रयोग करण्यात आला, आणि ज्या मुलींना ते गरोदरपणाच्या आधीपासून मिळाले होते त्यांच्या मुलांची दोन वर्षांच्या वयातील बौद्धिक वाढ अधिक चांगली दिसली. २ मायक्रोग्रॅम बी-१२ साधारण अर्धा लिटर दुधातून मिळते.