वादात अडकलेला सिनेमा धुळ्यात पोचतो कसा आणि अडतो कुठे?

एखादा सिनेमा धुळ्यात बघायला मिळाला नाही, तर दर वेळी दोष सेन्सॉरचा नसतो. बहुतेक वेळा तो इथल्या थिएटरला लागतच नाही. स्टार नाही, जाहिरातीला पैसा नाही, असा सिनेमा पुण्या-मुंबईत दोन आठवडे टिकला तरी खूप. त्यात वाद झाला, तर थिएटरवाला म्हणणार, कशाला डोक्याला ताप? त्यामुळे माझ्या वयाच्या खान्देशी पोरांनी असे सिनेमे पाहिलेत ते मोबाईलवरच.

दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं, रवी जाधव यांचा ‘न्यूड’. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची गोष्ट. 2017 मध्ये गोव्याच्या इफ्फी महोत्सवासाठी ज्युरीने तो निवडला होता. माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो यादीतून काढला, आणि ज्युरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे सेन्सॉर बोर्डाने एकही कट न देता त्याला ‘ए’ प्रमाणपत्र दिलं, आणि एप्रिल 2018 मध्ये तो थिएटरमध्ये आला. ज्यांच्या गावात तो लागला नाही, त्यांनी नंतर झी5वर पाहिला.

दुसरं, आनंद पटवर्धन यांची ‘विवेक’ ही डॉक्युमेंटरी. नरेंद्र दाभोलकर आणि गोविंद पानसरे यांच्या हत्यांपासून ती सुरू होते. 2018 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट डॉक्युमेंटरीचा पुरस्कार मिळाला. 2019 मध्ये केरळच्या महोत्सवात ती दाखवायला मंत्रालयाची परवानगी मिळेना, तेव्हा आयोजक हायकोर्टात गेले आणि कोर्टाने परवानगी दिली. त्याच वर्षी ती यूट्यूबवर भागाभागाने आली. फुकट.

मोबाईलवर चालतं, मग थिएटरमध्ये का अडतं?

कारण दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत. थिएटरसाठी 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतंच. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं; एप्रिल 2021 मध्ये सरकारने ते बंद केलं. आता थेट हायकोर्ट. कमी बजेटवाल्याला वकिलाची फी परवडणार कशी?

ओटीटीला हे प्रमाणपत्र लागत नाही. फेब्रुवारी 2021 च्या आयटी नियमांनुसार कंपनी स्वतःच वयोगट ठरवते: यू, 7+, 13+, 16+ आणि ए. तक्रार आली तर आधी कंपनी बघते, मग कंपन्यांची संस्था, शेवटी सरकारी समिती. यूट्यूबवर तर कोणीही अपलोड करू शकतो. डिस्ट्रिब्युटर नको, थिएटरचं भाडं नको. अहिराणी गाणी आणि मालेगावची कॉमेडी याच वाटेने घराघरात गेली.

म्हणजे अंतराचा प्रश्न सुटला. भीतीचा सुटला का? नाही.

दार उघडं, पण किल्ली कोणाकडे?

पटवर्धन यांचीच ‘राम के नाम’ बघा. सेन्सॉरचं ‘यू’ प्रमाणपत्र, राष्ट्रीय पुरस्कार, आणि कोर्टाच्या आदेशानंतर 1997 मध्ये दूरदर्शनवर प्रसारण. तरीही यूट्यूबने तिच्यावर वयाची अट टाकली होती. सरकारने ‘लहान मुलांनीही बघा’ म्हटलेली फिल्म! अशी अट लागली की लॉगिन केल्याशिवाय व्हिडिओ चालत नाही, आणि दुसऱ्या वेबसाइटवर लावला तर तिथेही बहुतेक वेळा चालत नाही. फिल्म काढलेली नसते, फक्त वाटेत एक गेट उभं राहतं.

दुसरा प्रकार ‘अन्नपूर्णी’ या तमिळ सिनेमाचा. हा काही छोटा सिनेमा नव्हता. नयनतारा त्यात होती, सेन्सॉरचं प्रमाणपत्र होतं, डिसेंबर 2023 मध्ये तो थिएटरमध्येही लागला होता. नेटफ्लिक्सवर आल्यावर तक्रारी झाल्या, आणि जानेवारी 2024 मध्ये हक्क देणाऱ्या कंपनीच्याच विनंतीवरून तो काढला गेला. मोठ्या सिनेमाचं असं होतं, तर छोट्याचं काय?

‘मी डाउनलोड करून ठेवलाय’ म्हणणाऱ्यांसाठी: अ‍ॅपमधलं डाउनलोड म्हणजे कुलूप लावलेली फाईल. कुलपाची किल्ली कंपनीच्या सर्व्हरकडून येते. सिनेमा काढला की थोड्या दिवसांत तुमची फाईलही उघडत नाही.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. सेन्सॉर बोर्ड कट सांगतं तेव्हा तो कागदावर असतो; त्याला कोर्टात आव्हान देता येतं. अल्गोरिदमने मागे ढकललेल्या किंवा कॅटलॉगमधून गायब झालेल्या सिनेमाचा असा कागद प्रेक्षकाच्या हाती येत नाही. बरेचदा तो गेला हेच कळत नाही.

मग आपण काय करायचं?

असे सिनेमे होम स्क्रीनवर आपोआप येतील याची वाट बघू नका, नावाने शोधा. दिग्दर्शकाचं अधिकृत चॅनल सबस्क्राइब करा. टेलिग्रामवरची चोरीची कॉपी टाळा. तिथला एकही व्ह्यू दिग्दर्शकाच्या खात्यात मोजला जात नाही. किती लोकांनी किती वेळ बघितलं, यावर रेकमेंडेशन बरंच अवलंबून असतं. म्हणून सिनेमा आवडला तर ग्रुपवर नुसता फॉरवर्ड टाकण्यापेक्षा खरंच बघेल अशा एका मित्राला लिंक पाठवा. ‘विवेक’ मोठी आहे, पण भागांमध्ये आहे. रोज एक भाग बघितला तरी चालतं.