काटा अडला म्हणून ताट तोडू नका



पहिल्या महिन्यात चार किलो उतरतात, दुसऱ्यात दोन, आणि पाचव्या महिन्यात काटा जागचा हलत नाही. घरात लगेच शेरा येतो, "चोरून खातेस का गं?" मग ती बिचारी दोन पोळ्यांची एक करते, एकासण्याच्या जोडीला आणखी एक उपवास धरते. हे थांबायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. वेग मंदावतो यात आळस नाही की चोरी नाही. तो शरीराचा हिशेब आहे.

आपल्या गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण डोळ्यांसमोर आणा. कालव्याचं दार तेवढंच उघडं ठेवलं, तरी धरणातली पातळी उतरेल तशी धार मंदावते, कारण पाण्याचा दाबच कमी होतो. शरीराचंही तसंच आहे. मोठ्या शरीराला रोजचा खर्च जास्त, लहान शरीराला कमी.

आता आकडे मांडू. 1990 सालचं मिफ्लिन–सेंट जॉर नावाचं एक सूत्र आहारतज्ज्ञ वापरतात. त्याप्रमाणे 45 वर्षांच्या, 155 सेंटिमीटर उंचीच्या, 80 किलोच्या बाईला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण 1380 कॅलरी लागतात. घरकाम धरून 1930 च्या आसपास. तिने 1500 कॅलरी खाल्ल्या, तर रोजची तूट 430. तीच बाई 65 किलोवर आली की पूर्ण दिवसाचा खर्च 1725 च्या घरात येतो. ताट तेच, पण तूट उरली 225, म्हणजे जवळपास निम्मी. पंधरा किलोची गोणी अंगावरून उतरल्यावर जिना चढायला कष्ट कमीच पडणार ना!

शिवाय पहिल्या महिन्यातल्या उतरलेल्या वजनात बरंचसं पाणी असतं. ते काही दर महिन्याला उतरत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. हे तरुण युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार देणारे होते, आणि भुकेने गांजलेल्यांच्या उपयोगी पडावं म्हणून स्वतःहून पुढे आले होते. अहिंसेच्या घरात वाढलेल्या आपल्याला त्यांचं मोल वेगळं सांगायला नको. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने घटलं, पण शरीराचा विसाव्यातला खर्च त्याहूनही जास्त घटला. अंगात थंडी भरायची, उत्साह नसायचा, डोक्यात सतत जेवणाचेच विचार. फार उपाशी ठेवलं की शरीर हात आखडता घेतं, ते असं.

म्हणून काटा अडला की ताट आणखी तोडण्यात मला शहाणपण दिसत नाही. अशाने चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि खर्च आणखी घटतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आपण दिवसाच्या जेवणात मूग, तूर, मसुराची डाळ, हरभरा भरपूर घ्यावा. दूध-ताकही घ्यावं, अर्थात द्विदलाचा नियम सांभाळून. चालणं, जिने चढणं, थोडं वजन उचलणं सोडू नये. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास वाढवू नये.

आणि तपाबद्दल थोडं स्पष्टच बोलते. एकासणं, आयंबिल, अठ्ठाई हे कर्मनिर्जरेसाठी आहे. पच्चक्खाण घेताना मनात काटा असेल, तर ते तप कसलं? उलट अंगाने भरलेली एखादी बहीण वर्षानुवर्षं एकासणी करत असेल आणि कुणी तिला म्हणत असेल, "एवढं करूनही बारीक कशी होत नाहीस?", तर तिथेच त्यांना थांबवा. तिचं तप काट्यावर मोजायचा अधिकार कुणाला नाही.

पाचव्या महिन्यात अर्धा किलो उतरला, तरी तो उतरलाच. आणि काहीच उतरलं नाही, पण गेलेलं परत आलं नाही, तर तीही कमाईच समजा. यंदाच्या चातुर्मासात ताट पोटाला पुरेल असं वाढा, आणि सुनेच्या ताटातही तेवढंच वाढा.