हबचा वीजपुरवठा
घरच्या घरी ध्वनिमुद्रणाची सिद्धता करणारा संगीतप्रेमी मायक्रोफोनच्या निवडीकडे जितके लक्ष देतो, त्याचा शतांशही तो सर्व उपकरणे संगणकाशी जोडणाऱ्या यूएसबी हबकडे देत नाही, ही गोष्ट मला खेदजनक वाटते. कारण हबची वीज अपुरी पडून ऐन रंगात आलेल्या आलापाचे मुद्रण मध्येच तुटले, तर तोच आलाप पुन्हा तसाच उमटेल याची हमी कोणता गायक देऊ शकेल? संगणकाच्या यूएसबी २.० पोर्टातून प्रमाणानुसार ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर प्रवाहच मिळतो, आणि स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबला तेवढ्यातच सर्वांची वाटणी करावी लागते. म्हणून अडॅप्टरसह येणाराच हब घ्यावा, आणि तोही अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला आकडा वाचून, कारण सात पोर्टांच्या हबबरोबर २ अँपिअरचा अडॅप्टर दिलेला असेल, तर सर्व पोर्ट भरल्यावर प्रत्येकाच्या वाट्यास सरासरी ३०० मिलिअँपिअरही येत नाहीत, आणि ४ अँपिअरचा असेल तर ५०० हून अधिक येतात. मिडी कीबोर्ड आणि सॉफ्टवेअरच्या परवान्याची डाँगल हबवर खुशाल नांदतात. परंतु ऑडिओ इंटरफेस, विशेषतः संगणकाच्याच विजेवर चालून मायक्रोफोनला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा करणारा, थेट संगणकासच जोडावा, असा माझा आग्रह आहे. हब लावल्यावर स्पीकरमधून घुरघुर ऐकू येऊ लागली, तर दोष बहुधा अर्थिंगच्या वेटोळ्याचा किंवा हलक्या अडॅप्टरचा असतो. तेव्हा संगणक, स्पीकर आणि हब एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणून प्रथम खातरजमा करावी, आणि मगच नव्या खरेदीची तजवीज करावी.