गर्भाशयाची जन्मजात ठेवण

सुनेला दिवस राहतात पण टिकत नाहीत, असे दिसू लागले की घरोघरी कारणांचा शोध सुरू होतो. तिने पपई खाल्ली असेल, भरलेला हंडा उचलला असेल, कोणाची दृष्ट लागली असेल. वाचकहो, यांपैकी काही स्त्रियांच्या बाबतीत खरे कारण त्यांच्या स्वतःच्या जन्मापूर्वीच घडून गेलेले असते.

स्त्रीगर्भाच्या पोटात आरंभी दोन बारीक नलिका असतात. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३० मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या म्युलरच्या नलिका. त्या एकमेकींस जुळतात, मधली भिंत विरून जाते व एक पोकळी तयार होते, तेच गर्भाशय. जुळणी अपुरी राहिली तर गर्भाशयाला दोन शिंगे फुटल्यासारखी दिसतात. एकच नलिका वाढली तर ते अर्धेच राहते. भिंत विरली नाही तर आत पडदा उरतो. शंभरांत सुमारे पाच स्त्रियांत असा काही फरक आढळतो. पुष्कळजणींची बाळंतपणे सुखरूप होतात आणि त्यांना तो जन्मभर कळतही नाही.

पडदा असल्यास पहिल्या तीन महिन्यांत गर्भपाताचे भय अधिक. द्विशृंगी किंवा अर्ध्या गर्भाशयात दिवस भरण्यापूर्वीच प्रसूती होणे, मूल पायाळू असणे, हे प्रकार जास्त घडतात. अर्ध्या गर्भाशयालगत कधी एक खुरटे शिंग असते. त्यात गर्भ रुजला तर ते फुटून मातेच्या जिवावर बेतते. यासाठी अशा स्त्रीने दिवस राहताच सोनोग्राफी करून गर्भ कोठे रुजला हे पाहून घ्यावे. मूत्रपिंडांचीही तपासणी व्हावी, कारण कित्येकदा एकच मूत्रपिंड असते.

पडदा दुर्बिणीतून कापता येतो. मात्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८० स्त्रियांवरील एका चाचणीत शस्त्रक्रियेने जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. संख्या लहान आहे, हे खरे. तरी कापण्याची घाई करू नये, असे आम्हांस वाटते. द्विशृंगी गर्भाशय आतून पडद्यासारखेच भासते, आणि तेथे कापणे घातक. बाहेरचा आकार त्रिमित सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये कळतो, तो आधी पाहावा.

डॉक्टरांकडे जाताना मागील कागद बरोबर न्यावेत. गर्भ कितव्या आठवड्यात गेला, हे ते प्रथम विचारतील. पतीनेही सोबत जावे आणि जमल्यास सासूबाईंनीही.