पॅड मातीत मिसळते म्हणे, पण कोणाच्या मातीत?

सातारा-सांगलीतल्या आपल्या बचत गटांपुढे ‘पर्यावरणपूरक’ सॅनिटरी पॅडची पाकिटे विक्रीला येतात तेव्हा सोबत एक वाक्य हमखास येते : वापरून झाले की पुरा, माती होते. हे अर्धसत्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत पुन्हा बाईच मोजणार आहे. म्हणून ही पाकिटे विकायला घेण्याआधी गटांनी भांडावे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

या पॅडच्या वरच्या थरात किंवा मागच्या पापुद्र्यात जे ‘वनस्पतीपासूनचे प्लास्टिक’ असते, ते बहुधा पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए. दह्याला आंबट करणारे जे लॅक्टिक आम्ल, त्याचेच रेणू एकाला एक जोडून ही साखळी तयार होते. उसाची साखर किंवा मक्याचा स्टार्च जिवाणूंकडून आंबवून ते आम्ल मिळवतात. पदार्थ खोटा नाही. सिझेरियननंतर किंवा गर्भपिशवी काढल्यावर घालतात तो विरघळणारा टाका याच कुळातला. १९७०च्या दशकापासून वापरात असलेल्या अशा एका धाग्यात लॅक्टिकला ग्लायकोलिक आम्लाची जोड आहे आणि तो दोन-अडीच महिन्यांत शरीरात जिरतो. पण हाड जोडायला वापरलेला नुसत्या पीएलएचा स्क्रू त्याच शरीरात काही वर्षे टिकून राहतो. म्हणजे विरघळणे हे नावावर नाही, घडणीवर आणि जागेवर ठरते.

पीएलएची जागा कोणती? साधारण ५८ ते ६० अंश उष्णता आणि भरपूर ओल आठवडेच्या आठवडे टिकेल असा औद्योगिक खतप्रकल्प. तिथे आधी पाण्याने साखळी तुटते, मग जिवाणू तिला खातात. आपला घरामागचा उकिरडा काही दिवस तापतो आणि निवतो. गांडूळखताच्या खड्ड्यात तर एवढ्या उष्णतेला गांडूळच मरेल. माण-खटाव किंवा जतच्या कोरड्या रानात पुरलेला तो पापुद्रा वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. शिवाय पापुद्रा पीएलएचा असला तरी आतली रक्त शोषणारी जेल पुष्कळदा सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची असते. तिची माती होत नाही. पाकिटावर ते कोण लिहिणार?

शब्दांचा गोंधळ सरकारनेही घातला आहे. २०१८ मध्ये जनऔषधी केंद्रांतून ‘सुविधा’ पॅड आले, २०१९ मध्ये ते एक रुपयाला झाले. एक रुपयाचे पॅड हवेच, त्यावर राग नाही. पण ते ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ म्हणून आले. ऑक्सो म्हणजे साध्याच प्लास्टिकचे तुकडे व्हावेत म्हणून त्यात घातलेले रसायन. पीएलएशी त्याचा संबंध नाही. बाईला दोन्हीकडे एकच शब्द ऐकू येतो : विघटनशील.

आणि पुरायचे कोणी? अंधार पडल्यावर, कोणी बघणार नाही अशा जागी, तिनेच. कराड नगरपरिषद हा कचरा वेगळा गोळा करते, म्हणजे हे जमू शकते. पण शहराची हद्द सोडली की ओढा, चूल नाहीतर संडासाचे भांडे. २०१६च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी विल्हेवाटीसाठी वेष्टन द्यावे असे होते. वेष्टनातले पॅड उचलणार कोण, हे कोणीच विचारले नाही. ‘मग कापड वापरा’ असे सांगणाऱ्या ताईंनी उन्हाळ्यात आटपाडीत दोन घागरींवर दिवस काढून दाखवावा.

आता उसाकडे येऊ. २०२४ मध्ये प्राज इंडस्ट्रीजने शेजारच्या पुणे जिल्ह्यात जेजुरीला जैवप्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. उद्या आपल्याकडचे साखर कारखाने इथेनॉलप्रमाणे यातही उतरू शकतील. तो ऊस तोडायला बीडहून कोयता येतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या काळात बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायांची पाहणी झाली. १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. सहा जणींमागे एक! पाळीच्या दिवसांत खाडा पडला की मुकादम दंड कापतो, फडावर ना संडास ना आडोसा. जिच्या पाळीची सोयच नाही, तिने तोडलेल्या उसापासून दुसरीच्या पाळीसाठी ‘हिरवे’ पॅड करायचे, आणि त्याला आपण पर्यावरण म्हणायचे का?

तेव्हा पॅड विकायला घेणाऱ्या प्रत्येक गटाने कंपनीकडून लेखी मागावे : पॅडमधला प्रत्येक थर कशाचा आहे, प्रमाणपत्र पूर्ण पॅडचे आहे की फक्त पापुद्र्याचे, आणि वापरलेली पॅड गावातून उचलून कोणत्या खतप्रकल्पात नेणार. उत्तर नसेल तर माल परत. ग्रामसभेत पॅडच्या वेगळ्या गोळ्याचा ठराव मांडावा. आणि ज्यांच्या नावावर शेअर आहे (बहुतेक घरांत तो नवऱ्याच्याच नावावर असतो, ते भांडण वेगळे), त्या मैत्रिणींनी कारखान्याच्या वार्षिक सभेत उभे राहून विचारावे : यंदा तोडणीच्या टोळ्यांसाठी फडावर आणि कोप्यांजवळ किती संडास उभे केले, आणि खाड्याचा दंड कधी बंद करणार?