अटक नाही, नुसतं बसवून ठेवलंय!

लोकलने रोज ये-जा करणाऱ्या बायकांच्या तोंडी एक शब्द सारखा येतो: 'बसवून ठेवलं'. 'पास कालच संपला होता, तर दोन तास बसवून ठेवलं.' 'माल काढून घेतला आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं.' कोणी बसवलं, कुठल्या कलमाखाली, किती वाजल्यापासून, असं विचारलं की उत्तर नसतं. गणवेशातल्या माणसाने 'चल' म्हटलं म्हणून ती गेली आणि 'बस' म्हटलं म्हणून बसली. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांमध्ये काम करताना मी हे इतक्यांदा ऐकलं आहे, की त्यावर आपण सगळ्यांनी मिळून काही भूमिका घ्यायला हवी असं मला वाटतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. रेल्वेच्या कायद्यात दंड आहे, गाडीतून उतरवणं आहे, अटक आहे. 'बसवून ठेवणं' त्यात नाही. आणि जे कायद्यात नाही तेच गरीब बाईच्या वाट्याला सर्वात जास्त येतं.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १३८ तिकीट नसलेल्या प्रवाशाकडून भाडं आणि वर जादा आकार घेण्याविषयी आहे. हा जादा आकार भाड्याइतका किंवा ठरलेल्या किमान रकमेइतका, यांतला जो जास्त तो. ही किमान रक्कम २००४ साली ५० रुपयांवरून २५० झाली. बाईने पैसे भरले नाहीत, तर रेल्वेने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा आणि वसुलीचा हुकूम मॅजिस्ट्रेटने द्यायचा. टीसीने नव्हे. कलम १३७ याहून वेगळं. रेल्वेला फसवण्याच्या हेतूने केलेला प्रवास हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे तिकीट जवळ नसणं आणि फसवणूक करणं यांत कायदा फरक करतो. टीसीच्या टेबलापाशी मात्र दोन्ही बायकांना एकाच सुरात 'चोर' ठरवलं जातं.

अटकेचं काय? २००३ च्या दुरुस्तीनंतर रेल्वे कायद्याखालच्या बहुतेक गुन्ह्यांत अटक करण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारने आदेश काढून नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. काळा कोट घातलेल्या प्रत्येकाला तो नाही. दंड देणं लागत असलेली व्यक्ती नाव-पत्ता सांगत नसेल, खोटा सांगते आहे असं वाटत असेल किंवा पळून जाण्याचा संभव असेल, तर कलम १८० प्रमाणे असा नेमलेला अधिकारी तिला अटक करू शकतो. कलम १७९ खाली अटक झालेल्या व्यक्तीला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं.

आणि एक तरतूद तर आपल्यासाठीच लिहिलेली आहे, पण ती फारशी कुणाला ठाऊक नाही. कलम १३९ सांगतं की पैसे न भरणाऱ्या प्रवाशाला गाडीतून उतरवता येतं. परंतु सोबत पुरुष नसलेल्या बाईला किंवा मुलाला कुठेही उतरवता येत नाही. तिने प्रवास सुरू केला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, एवढ्याच जागी आणि तेही दिवसाउजेडी. आता, बाई आणि मूल यांना एकाच ओळीत बसवायचं आणि बाईसोबत पुरुष आहे का ते पाहायचं, ही दृष्टी आपल्याला पटणारी नाही. तरीही या तरतुदीचा अर्थ ध्यानात घ्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला चढलेल्या बाईला रात्री नऊ वाजता मुलुंडला 'खाली उतर' म्हणण्याचा अधिकार या कलमाने दिलेला नाही.

बाईला अटक करायची झाली तर आणखी बंधनं आहेत. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात तिला अटक करायची नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायचीच तर महिला पोलीस अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. २००५ च्या दुरुस्तीने आलेला हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम ४३ मध्ये, कायम ठेवला आहे. झडती बाईनेच घ्यायची. अटकेचं कारण सांगायचं, घरी कळवायचं. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेच्या कागदावर वेळ, तारीख आणि साक्षीदाराची सही सक्तीची केली आणि हे नियम पोलिसांखेरीज अटक करणाऱ्या इतर सरकारी यंत्रणांनाही लागू आहेत असं सांगितलं.

हे सगळं आकाशातून पडलेलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरा प्रकरणानंतर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी शीला बर्से यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या कोठड्यांविषयी निकाल दिला: बायकांच्या कोठड्या वेगळ्या हव्यात, तिथे पहारा महिला पोलिसांचा हवा आणि बाईची चौकशी महिला पोलीस हजर असतानाच व्हावी.

पण मैत्रिणींनो, हे सारं संरक्षण 'अटक' या शब्दाला जोडलेलं आहे. अटक लिहिली की घड्याळ सुरू होतं, कागद तयार होतो, कुणीतरी जबाबदार धरलं जातं. नुसतं बसवून ठेवलं तर घड्याळही नाही आणि कागदही नाही. बाईला कायद्याच्या आधाराशिवाय जाऊ न देणं हा खरं तर बेकायदा डांबून ठेवण्याचा गुन्हा होतो. भारतीय न्याय संहितेचं कलम १२७ तेच सांगतं. पण ज्या घटनेची कुठेच नोंद नाही, तिची तक्रार करायची तरी कशाच्या आधारावर?

याचा सर्वात मोठा फटका बसतो तो लेडीज डब्यात पिना, टिकल्या, कानातले, रुमाल विकणाऱ्या बायकांना. रेल्वे कायदा १९८९ साली झाला तेव्हा त्यात काय लिहिलं गेलं ते शेजारी शेजारी ठेवून पाहा. कलम १६२: बायकांसाठी राखीव डब्यात जाणूनबुजून शिरणाऱ्या पुरुषाला दंड ५०० रुपयांपर्यंत. कलम १४४: परवान्याशिवाय माल विकणाऱ्या व्यक्तीला एक वर्षापर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खास कारण नसेल तर दंड हजाराच्या खाली नाही. रात्रीच्या गाडीत आपल्या डब्यात घुसणाऱ्या पुरुषापेक्षा त्याच डब्यात दहा रुपयांच्या पिना विकणारी बाई कायद्याला जास्त मोठी गुन्हेगार वाटली! २०१४ साली फेरीवाल्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, त्यातूनही रेल्वेची जागा आणि गाड्या वगळल्या गेल्या. रस्त्यावर बसणाऱ्या बाईला निदान कागदावर एक हक्क मिळाला, गाडीत विकणारीला तोही नाही.

काही जणी म्हणतील, गर्दीत या टोपल्यांचा त्रास होतो. होतो, मान्य आहे. आणि पोलीस हवेत ही मागणी तर आपणच केली, तीही रास्तच. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा आपल्याला आनंद झाला. १४ ऑगस्ट २००२ च्या रात्री पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये इतर प्रवाशांच्या डोळ्यांदेखत एका मुलीवर बलात्कार झाला, तेव्हा पहारा वाढवा असं सर्वांनीच म्हटलं. पण आपल्या नावाने मागितलेला पहारा आपल्यातल्याच सर्वात गरीब बाईवर चालवला जात असेल, तर त्याचा हिशेब आपणच मागायला हवा. दुपारच्या रिकाम्या डब्यात एकटीला सोबत असते ती बऱ्याचदा या विक्रेतीचीच.

म्हणून आपल्या गटांनी पुढील मागण्या घेऊन मध्य आणि पश्चिम रेल्वेकडे जावं असं मी सुचवते. दंड घेतला की पावती द्यायची आणि बाईला जाऊ द्यायचं. थांबवायचं असेल तर कोणी, कुठल्या कलमाखाली, किती वाजता थांबवलं हे नोंदवहीत लिहायचं आणि त्याची प्रत बाईला द्यायची. महिला कर्मचारी हजर नसताना बाईला बंद खोलीत न्यायचं नाही. जप्त केलेल्या मालाची यादी करून द्यायची. कलम १३९ मधली बायकांसाठीची तरतूद अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडसह प्रत्येक स्टेशनवर मराठीत आणि हिंदीत ठळक लावायची. आणि डब्यातल्या विक्रेत्या बायकांना परवाने द्यायचे. परवान्याची सोय कलम १४४ मध्येच आहे.

तोवर वस्तीच्या बैठकीत एवढं तरी प्रत्येकीला पाठ करून देऊ या. नाव-पत्ता खरा सांगायचा. पैसे भरले तर पावती मागायची. 'मला अटक केली आहे का?' असं मोठ्याने, चारचौघींना ऐकू जाईल असं विचारायचं. नाही म्हणाले तर 'मग मी जाते' म्हणायचं. हो म्हणाले तर कारण विचारायचं, घरी कळवायला सांगायचं आणि वकील मागायचा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला, तिची मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. आणि आपल्या डब्यातून कुणा बाईला खाली उतरवताना दिसलं तर दोघींनी तिच्याबरोबर उतरायचं. पुढची गाडी चार-पाच मिनिटांत येतेच.