बाटलीतले जिवाणू जिवंत आहेत ना?



उमरेडकडच्या एका बहिणीने विचारले आहे, "मागच्या मृगातली राइझोबियमची अर्धी बाटली घरात उरली आहे. सासूबाई म्हणतात वापरा, मालक म्हणतात फेका. काय करावे?"

प्रश्न एका बाटलीचा असला, तरी त्यावर हंगाम अवलंबून आहे. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र झाडाला मिळवून देणारे हे जिवाणू. डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी 1888 साली ते गाठींतून वेगळे करून दाखवले. युरियासारखे हे नुसते खत नव्हे, हा जिवंत माल आहे. द्रवरूप संवर्धनाच्या 1 मिलिलिटरमध्ये किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा सरकारी खत नियंत्रण आदेशाचा नियम आहे. बाटलीवर जी शेवटची तारीख छापतात, तिचा संबंध या संख्येशी आहे. त्या दिवशी सगळे एकदम मरतात असे नाही. ते आधीपासूनच हळूहळू कमी होत असतात आणि उन्हात भराभर मरतात.

घरचे विरजण आठवा. जुने झाले तर दूध लागत नाही, पण ते दुसऱ्या सकाळीच कळते. बिअर गाळणारेसुद्धा जुने झालेले द्रव यीस्ट उकळून गार केलेल्या माल्टच्या पाण्यात घालून पुन्हा वाढवतात. फेस आला की ते जिवंत आहे हे समजते. आपल्या बाटलीचे तसे नाही. मेलेले जिवाणू आणि जिवंत जिवाणू दिसायला सारखेच. खरे काय ते कळते पेरणीनंतर महिन्याने, आणि तोवर मृग निघून गेलेला असतो!

म्हणून गुळाच्या पाण्यात घालून जुनी बाटली 'जागी' करण्याच्या फंदात पडू नये. आपल्याकडे भांडी, पाणी, हवा निर्जंतुक नसते. राइझोबियम सावकाश वाढतो, आणि त्याआधी दुसरेच जिवाणू गूळ फस्त करतात.

त्या बहिणीला माझे सांगणे असे. तारीख उलटलेल्या बाटलीवर बियाण्याचा भरवसा ठेवू नका. बाटली फुगली असेल किंवा घाण वास येत असेल, तर टाकून द्या. तसे नसेल, तर कुजलेल्या शेणखतात मिसळून शेतात द्या, पण ती वरकड समजा. पेरणीसाठी नवी बाटली आणा. ती सोयाबीनचीच हवी. हरभऱ्याचा राइझोबियम वेगळा असतो.

आता साठवणीचे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, मग टिनाच्या छपराखालची खोली म्हणजे भट्टीच. शक्यतो पेरणीच्या तोंडावरच बाटली घ्यावी, आणि दुकानदाराने ती कुठे ठेवली होती हे विचारायला लाजू नये. घरी आणल्यावर घट्ट झाकण लावून, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, ओल्या वाळूच्या घमेल्यात ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात मुळीच ठेवू नये. खते आणि औषधांपासून दूर, पोरांचा हात पुरणार नाही अशी जागा असावी.

वापरताना 10 किलो बियाण्याला साधारण 100 मिलिलिटर लागते. बाटलीवरची मात्रा पाहून घ्यावी. बुरशीनाशक, कीटकनाशक लावायचे तर आधी लावून सुकू द्यावे, जिवाणू सर्वांत शेवटी. सोयाबीनची साल नाजूक, म्हणून चोळू नये, हलक्या हाताने लावावे. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे.

शेवटी एक काम घरच्या पोरांना द्या. दोन तासे संवर्धन न लावता पेरा आणि तिथे खुंटी रोवा. महिन्याभराने दोन्हीकडची चार-चार झाडे मुळासकट अलगद काढून मुळे धुवा आणि गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असतील तर जिवाणू कामाला लागले. पांढऱ्या किंवा हिरवट असतील, तर त्या कामाच्या नाहीत. काय दिसले ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी बाटली घेताना ती वहीच तुम्हाला सल्ला देईल.

सासूबाईंना सांगा, वस्तू वाया घालवू नये हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण अर्धी बाटली वाचवायला जाऊन आखा हंगाम वाया घालवू नये, हेही तितकेच खरे.